निकाल बहिणीला पाण्याच्या रांगेत कळला

कोर्टातल्या कारकुनाने माझ्या बहिणीला फसवलं. त्याच्या शब्दावर भरवसा ठेवून मीही तिला फसवलं, तेही इथेच लिहून टाकतो.

दुष्काळाचं साल होतं. विहिरीवर पाण्याच्या पाळीवरून गावातल्या एकाने तिच्या डोक्यात कुऱ्हाड घातली. ती वाचली, तो खटल्याचा निकाल लागेपर्यंत तुरुंगात गेला. तेव्हाच्या जिल्ह्याच्या कोर्टात तिने साक्ष दिली, पदर बाजूला करून न्यायाधीशांना टाक्यांची खूण दाखवली. साक्ष संपताच शिपाई म्हणाला, "झालं तुमचं काम, जा आता."

तिने मला कोपऱ्यात ओढलं. "दादा, निकालाला मला यायचंय. साहेबांनी माझं खरं मानलं का, ते माझ्या कानांनी ऐकायचंय. अन् ह्यो सुटणार असंल, तर मला आधी कळाया पायजे."

मी बैलबाजारातला दलाल. देगलूर ते उदगीर अनवाणी हिंडून धंदा उभा केलेला. आमच्यात सौदा रुमालाखाली होतो, बोटं दाबून; आणि एकदा दाबलेलं बोट कुणी फिरवत नाही. मी कारकुनापुढे हात केला, वर रुमाल टाकला.

"काय शेठ, कोर्टात बी बाजार भरवता का?" तो हसला.

"निकालाच्या किती दिस आधी कळवता, तेवढं सांगा."

त्याने माझी दोन बोटं दाबली. दोन दिवस. बहिणीला तसं सांगून मी निर्धास्त घरी आलो. हा माणूस बाजारातला नाही, हे माझ्यासारख्याच्याही ध्यानात आलं नाही.

पुढे लातूर नवा जिल्हा झाला. आमचा तालुका त्यात गेला, खटल्याचे कागद गेले, कारकूनही बदलून तिकडेच गेला. पत्र काही आलं नाही.

एका सकाळी बहीण टँकरच्या रांगेत होती. चार घागरी पुढे तोच कुऱ्हाडवाला उभा, सुटून आलेला. तिने घागर तिथेच टाकली, घरी येऊन आतून कडी लावली. नंतर महिनाभर तिचं पाणी माझ्या बायकोने भरलं.

मी लातूर गाठलं. निकाल लागून आठ दिवस झाले होते. त्या दिवशी आरोपी हजर, त्याचा वकील हजर, त्याचा भाऊ पेढे घेऊन हजर.

"शेठ, खटला सरकारचा," कारकून म्हणाला. "फिर्यादीला कळवायचं कोणत्या कायद्यात हाय, दाखवा."

"मग बोटं कशाला दाबलीस रे?"

मी एवढा ओरडलो की शिपायांनी दंडाला धरून मला बाहेर काढलं.

बहीण अजून विचारते, "साहेब माझ्याबद्दल काय म्हणले, दादा?"

डोकं तिचं फुटलं आणि खटला सरकारचा. बरं, सरकारचा तर सरकारचा. मग सरकारने तिला त्या दिवशी बोलावलं का नाही? कारकुनाने सांगावं, नाहीतर त्याच्या वरच्या साहेबाने सांगावं. मला नको, तिच्यासमोर बसून तिला सांगावं.