थेडाबाईंच्या छतावरची वीज

थेडा उब्बेन यांनी तीस वर्षं शाळेची बस चालवली. धुक्यातली वळणं, कालव्यावरचा अरुंद पूल, कोणतं पोर कुठं उतरतं, सगळं तोंडपाठ. पण घर गरम कसं होतं, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मागच्या खोलीतला तेलावरचा बॉयलर हा नवऱ्याचा, हब्बोचा प्रांत. हब्बो गेला आणि दोन वर्षांत बॉयलरनंही मान टाकली.

मग घरात सल्लागारांची रीघ लागली. एक म्हणाला, आधी छतावर सोलर पॅनल टाका. दुसरा म्हणाला, छे, आधी बाहेरच्या हवेतली ऊब आत आणणारा हीट पंप. तिसरा भिंतीवर टकटक करून म्हणाला, आधी भिंतीतली ही पोकळी भरा, नाहीतर बाहेरच्या मेंढ्यांनाच ऊब द्याल. थेडाबाई प्रत्येकाला चहा देत, मान डोलावत, आणि दार लावल्यावर खुर्चीत मटकन बसत.

"वहिनी, आपल्याकडं सूर्य पाहुण्यासारखा येतो," त्यांचे दीर मेनो म्हणाले. "आला की निघायची घाई. त्याच्या भरवशावर घर चालवणार?"

"ढगातूनही थोडी वीज होते म्हणतात, भाऊजी."

"म्हणतात! म्हणायला काय जातंय?"

शेवटी बाईंनी तिघांचंही ऐकलं. भिंती भरल्या, पॅनल बसले, अंगणात पंपाची पेटी आली. बसवणारी जेल्का तिशीतली, कामाला चोख, पण बोलायची झपाझप. ती गेल्यावर बाईंनी खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर हात ठेवला, तर तो कोमट. हब्बोच्या काळी हात भाजायचा! पंप बिघडला असं समजून त्या तो रोज सकाळी बंद करत आणि संध्याकाळी चालू. घर काही तापेना. आठवडाभर लोकरी टोपी घालून जेवल्यावर त्यांनी जेल्काला फोन केला.

"उब्बेनबाई, त्याला हात लावू नका. तो कोमटच चालतो, पण दिवसभर चालतो."

"म्हणजे कोमट म्हणजे ठीक?"

"ठीक."

हे काही बाईंना पटलं नाही. पण बटणाला हात लावायचं सोडल्यावर दोन दिवसांत घर उबदार झालं. मग त्या थोड्या मिरवूही लागल्या. "वीज आता माझी मीच बनवते," असं त्यांनी बेकरीत सगळ्यांदेखत सांगितलं.

मार्चमधल्या एका लख्ख दुपारी रस्ता खणणाऱ्या यंत्रानं केबल तोडली आणि गावाची वीज गेली. पाचच मिनिटांत शेजारची आल्मुट धापा टाकत दारात. काखेत दिवा, हातात खोकं, खोक्यात कोंबडीची दोन दिवसांची अठरा पिल्लं.

"थेडा, यांचा गरम दिवा बंद पडला! तुझ्याकडं लावू दे."

बाईंनी ऐटीत बटण दाबलं. काही नाही. दुसरं दाबलं. काही नाही. बाहेर पॅनलवर ऊन नुसतं सांडत होतं.

"तुझी वीज तू बनवतेस ना?" आल्मुट रडकुंडीला आली.

थेडाबाईंचा चेहरा पडला. काय चुकलं तेच कळेना. पण तीस वर्षं बस चालवलेली बाई. घाबरल्यावर आधी हात चालवायचे, एवढं त्यांना येत होतं. त्यांनी नळ सोडला. पाणी कढत आलं! पंपाची गरम पाण्याची टाकी सकाळीच तापलेली होती. शेकायच्या रबरी पिशव्या भरल्या, हब्बोच्या लोकरी मोज्यांत घातल्या आणि खोक्यात ठेवल्या. पिल्लं त्यांना चिकटली. दर अर्ध्या तासाला दोघी पाणी बदलत राहिल्या. चार तासांनी वीज आली, तेव्हा एक पिल्लू तेवढं दगावलं होतं. सतरा चिवचिवत होती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी जेल्काला बोलावून घेतलं. चहा ओतला. "ऊन असताना वीज का नव्हती?"

"गावची वीज गेली की पॅनल आपोआप थांबतात. नाहीतर तुमच्या छतावरची वीज तारेत जाऊन दुरुस्ती करणाऱ्याला झटका बसेल."

"मग तेव्हा माझं घर अंधारात?"

"हो. ते नको असेल तर बॅटरी आणि घर गावच्या तारेपासून तोडणारा वेगळा स्विच बसवावा लागतो."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"अगं बये, विचारायचं असतं हे ठाऊक असतं, तर विचारलं नसतं का?"

जेल्का ओशाळली. "चुकलंच माझं," म्हणाली आणि तिसरा कप होईपर्यंत बसून तिनं सगळं पुन्हा, सावकाश सांगितलं. बाईंना त्यातलं निम्मं कळलं.

बॅटरी घ्यावी का, हे त्यांनी मग तिघांना विचारलं. मेनो म्हणाले वेडेपणा, आल्मुट म्हणाली आजच घे, आणि बेकरीवालीनं विचारलं, कसली बॅटरी? थेडाबाई अजून विचारच करताहेत.