दवाई मारलेली वांगी

मी जन्माची भित्री. कुकरची शिट्टी वेळेवर झाली नाही तर भीती, लवकर झाली तर जास्त भीती. भित्यापाठी ब्रह्मराक्षस ही म्हण आईनं बहुधा माझ्यासाठीच पाठ करून ठेवली होती. अशा बाईनं दुर्गजवळच्या रुआबांध्यात, नवऱ्याच्या कारखान्याच्या क्वार्टरमागे, चार खाटा मावतील एवढ्या जागेत भाजीपाला लावायचं ठरवलं, ते निव्वळ एक टोमणा जिव्हारी लागला म्हणून. माझे आजोबा भंडाऱ्याकडचे कास्तकार. नवऱ्याचे वडीलही तिकडचेच. एकदा बाजारात मी मिरचीच्या रोपांना वांग्याची म्हणाले, तर नवरा चारचौघांत म्हणाला, "कास्तकाराची नात हाय अन् तुले रोपटं ओळखू नाही ये?"

नाचता येईना अंगण वाकडं, तसा मी पहिले दोन महिने जमिनीलाच दोष दिला. जमीन होतीही तशीच. वर मुरूम, खाली बांधकामातले विटांचे तुकडे. पण कोथिंबीर सडली ती माझ्यामुळे. ती सुकेल या भीतीनं मी तिला तीन वेळा पाणी घालत होते.

मला वाचवलं शेजारणीनं. ती दुर्गकडच्या एका खेड्यातली, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, छत्तीसगढी बोलणारी. आमच्या दोघींच्या मागच्या अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत होती आणि ती भिंत ती पदर खोचून सहज ओलांडायची. तिनं शेणखताची दोन पोती आणली, भावाच्या बाडीतून, म्हणजे मळ्यातून, वांग्याची रोपं आणली, आणि माझ्या हातातला पाण्याचा डबा काढून घेतला. मी हिंदीत बोलायचे, ती तिच्या बोलीत, आणि आमचं छान चालायचं. तिची थोरली मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सातवा महिना लागला होता. मी शेजारणीला म्हणून ठेवलं होतं की पोरीला जे खावंसं वाटेल ते माझ्याकडून विचारल्याशिवाय तोडून न्यायचं. तिचीच रोपं, तिचंच खत, माझा काय फक्त पाण्याचा डबा.

थंडीत वांगी लागली. रोज सकाळी मी ती मोजायचे, कारण मोजली नाहीत तर ती कमी होतील असं मला वाटायचं. मग एका सकाळी शेंडे माना टाकलेले दिसले. एक शेंडा चिरला तर आत अळी. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. नवऱ्यानं ड्यूटीवरच्या एका सोबत्याकडून दवाई आणली. त्या सोबत्याचं गावाकडे शेत होतं. पाण्याच्या जुन्या बाटलीत घोटभर पिवळसर पातळ काहीतरी, वर लेबल नाही. एक झाकण एका बादलीत, आणि आठ दिवस काही तोडायचं नाही, एवढंच त्यानं सांगितलं होतं.

मी तोंडाला ओढणी बांधून फवारलं. वांग्यांवर फवारलं, भीतीपोटी शेजारच्या पालकावर आणि लाल भाजीवरही फवारलं. मग साबणानं तीनदा हात धुऊन भिंतीपाशी गेले आणि शेजारणीला बजावलं, "आठ दिन भाजी मत तोड़ना. दवाई मारी है."

"हव बहिनी," ती म्हणाली. म्हणजे हो.

तिसऱ्या दिवशी मी सकाळी हुडकोच्या बाजारात गेले आणि अकराच्या सुमारास परतले. पिशवी ओट्यावर ठेवून मागे आले तर पाच वांगी नव्हती. कालपर्यंत सतरा, आज बारा. देठ विळ्यानं कापलेले, ताजे.

हे कोणी नेलं हे मला त्याच क्षणी कळलं होतं. तरी मी जागची हलले नाही. मी स्वतःला सांगितलं, माकडांनी नेली असतील. माकडं विळा घेऊन येत नाहीत हे मला ठाऊक होतं. मग सांगितलं, तिनं धुतली असतील, शिजवली असतील, विष उडून गेलं असेल. मग सांगितलं, काही झालंच तर तिला काय माहीत ते वांग्यामुळे झालं. पोटुशी बाई, तिला तर उलट्या होतातच. हे सगळं मी म्हटलं. मनातल्या मनात का होईना, शब्द जुळवून म्हटलं. मला त्या घरातल्या कोणासाठी भीती वाटत नव्हती, मला माझ्यावर नाव येण्याची भीती वाटत होती. अशी मी त्या वाफ्यापाशी दहा मिनिटं तरी उभी असेन.

मग पलीकडून ताट घासल्याचा आवाज आला आणि मी भिंत चढले. आयुष्यात पहिल्यांदा. गुडघा फुटला.

शेजारीण मोरीपाशी बसली होती. मुलगी दारात पाय पसरून, पोटावर हात ठेवून, तृप्त.

"वांगी खाल्ली का?" मी मराठीतच ओरडले. मग भानावर येऊन हिंदीत विचारलं.

"अभीच त खाइस हे," शेजारीण हसत म्हणाली. आत्ताच तर जेवली.

"मैंने बोला था ना, भाजी मत तोड़ना!"

ती चकित झाली. "भाजी ल त मैं छुए घलो नइ हंव. भांटा तोड़े हंव. भांटा त साग आय."

इथे जन्मले, इथेच वाढले, आणि एवढं मला कसं उमगलं नव्हतं? तिच्या बोलीत भाजी म्हणजे पानं. पालक, लाल भाजी, चेच. भांटा म्हणजे वांगं, आणि वांगं, भेंडी, दोडका म्हणजे साग. तिनं माझा शब्द अक्षरशः पाळला होता. पालकाच्या एका पानालाही हात लावला नव्हता.

दवाई वांग्यांवरही मारली होती हे मी सांगितलं तेव्हा तिच्या हातातलं ताट खाली पडलं. मुलीनं दोन्ही हात पोटावर घट्ट धरले. ते हात मला अजून दिसतात.

ऑटोत मुलीला उलटी झाली. विषानं की घाबरून, कोणाला कळणार? दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "औषध कोणतं?" मी सोबत आणलेली बाटली पुढे केली. बाईंनी ती फिरवून पाहिली, हुंगली आणि माझ्याकडे पाहिलं. नाव सांगता येईना. नवऱ्याची सकाळची पाळी होती, आणि प्लांटमध्ये तो फोन लॉकरमध्ये ठेवतो. मी वाजवत राहिले. एकवीस वेळा वाजवला. आत त्या पोरीची नाडी बघत होते, डोळ्यांत बॅटरी मारत होते, आणि मी बाहेर बाकावर बसून ज्या देवांचं कधी नाव घेतलं नाही त्यांनाही नवस बोलत होते.

दोनच्या पुढे फोन आला. "कावून व, रडून कावून राहिली?" मी कसंबसं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "भेऊ नको. मले नाव नाही ठाऊक, पण तो इथंच हाय, विचारून देतो त्याले." पाच मिनिटांत नाव आलं. मी ते तळहातावर लिहिलं आणि आत धावले.

नाव ऐकून बाईंचा चेहरा थोडा सैल झाला. फवारणी पातळ होती, वांगी धुतलेली, शिजवलेली होती, पण संध्याकाळपर्यंत इथेच ठेवू, म्हणाल्या. मग त्यांनी पोटावर मशीन लावलं आणि दार उघडं असल्यानं बाळाचे ठोके बाहेरपर्यंत ऐकू आले. शेजारणीनं माझा हात धरला. मी मनातल्या मनात ते ठोके मोजत होते.

संध्याकाळी घरी सोडलं. पोरीला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी वांग्याची सगळी झाडं उपटली. नवरा म्हणाला, "झाडाचा काय दोष हाय व?" त्यानंतर मी वाफ्याकडे जायचं टाळायचे. शेजारीण मात्र पूर्वीसारखीच भिंत ओलांडून यायची, आणि ती आली की मला वाटायचं आज विचारणार, तू लगेच का नाही आलीस. चोराच्या मनात चांदणं. तिनं कधीच काही विचारलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी पोरीला मुलगी झाली. सहाव्या दिवशी छट्ठीला शेजारणीनं मला हाताला धरून बायकांच्या मधोमध बसवलं आणि बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. मग सगळ्यांना सांगू लागली, "इही ह दउड़त आइस. माड़ी फोड़ डारिस, फेर भिथिया कूद के आइस. नइ त का होतिस!" हीच धावत आली, गुडघा फोडून घेतला, पण भिंत ओलांडून आली, नाहीतर काय झालं असतं. बायका माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या. एका म्हातारीनं तर माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

आणि मला दिसत होतं ते एकच. मी वाफ्यापाशी ती दहा मिनिटं न घालवता लगेच भिंत चढले असते तर ताट नुकतं वाढलेलं असतं.

हे सांगायला मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. सगळ्या माझ्या बोलण्याची वाट बघत थांबल्या.

"नाक अगदी आईवर गेलंय," मी म्हणाले.