बिनझुमचा सल्ला

सांगलीत धन्यकुमार मगदुमांचं, म्हणजे सगळ्यांच्या आण्णांचं, जनावरांच्या पेंडीचं दुकान आहे, पण पेंडीबद्दल त्यांना कुणी फारसं विचारत नाही. सरकी घ्यायची की शेंगपेंड, हे गिऱ्हाईक घरून ठरवूनच येतं. लोक विचारायला येत ते कॅमेऱ्याबद्दल. पोत्यांच्या थप्पीला टेकून उभं राहायचं, आण्णांनी वजनकाट्यावरचं माप उरकेपर्यंत थांबायचं आणि मग हळूच विषय काढायचा. हौशी छायाचित्रकारांच्या मंडळात गेली बारा वर्षं हा रिवाजच पडला होता. डॉक्टर असो की प्राध्यापक, आण्णांनी मान हलवल्याशिवाय कुणी कॅमेरा घेत नसे.

आणि आण्णा सल्लाही चोख द्यायचे. नुसतं 'कुठला चांगला?' असं विचारलं की त्यांचं डोकं फिरे. फोटो कशाचे काढणार, पायी किती हिंडता, खांदा किती वजन सोसतो, लेन्स बदलत बसायचा धीर आहे का, अशी सगळी चौकशी व्हायची आणि मग उत्तर मिळायचं. त्यांचा स्वतःचा कॅमेरा मोठा, चार लेन्सांचा. फोटो मात्र, खरं सांगायचं तर, बेताचे. स्वच्छ, सरळ, चूक काढता येणार नाही असे आणि घरी जाईपर्यंत आठवणार नाहीत असे. मंडळात हे सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी बोलून दाखवत नव्हतं एवढंच. आण्णांनाही ठाऊक होतं. सल्ला ही एकच गोष्ट अशी होती की जिच्यात त्यांच्यापुढं कुणी नव्हतं.

नानासो गडदेला या मंडळात आणलं ते आण्णांनीच. नानासो माण तालुक्यातल्या धनगराचा मुलगा, वय चौतीस, शिरवळच्या एका कारखान्यात कामाला. मेंढरं राखायचे त्याचा भाऊ ज्ञानू आणि आई सुलाबाई. शाळूची काढणी झाली की त्यांचा कळप माणहून खाली उतरायचा आणि आण्णांच्या नांद्र्याच्या रानात आठवडाभर बसायचा. मेंढरं बसवली की रानाला वर्षाचं खत मिळतं, त्यामुळं आण्णांच्या वडिलांपासूनचा हा संबंध होता. नानासो त्या दिवसांत रजा काढून यायचा आणि मोबाइलवर फोटो काढायचा. आण्णांनी ते पाहिले, पाठ थोपटली आणि कौतुकानं त्याला मंडळात नेलं. माणूस लहान असेपर्यंत त्याचं कौतुक करायला फार बरं वाटतं.

मग वार्षिक प्रदर्शन आलं. आण्णांनी हरिपूरच्या घाटावरची सकाळ लावली होती. त्या फोटोसाठी ते अकरा वेळा हरिपूरला गेले होते. नानासोनं मोबाइलवर काढलेला एकच फोटो दिला होता: येरळेच्या कोरड्या पात्रातून कळप चाललाय, धुरळा उडालाय, पुढं सुलाबाई कोकरू काखेत मारून चाललीय. नानासोला पहिलं बक्षीस मिळालं, आण्णांना उत्तेजनार्थ.

त्या दिवसापासून आण्णांच्या पोटात दुखायला लागलं. वरून त्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढा खाल्ला, 'पोरगं नाव काढणार' असंही चारचौघांत म्हणाले. दुकानात आल्यावर मात्र हमालावर विनाकारण ओरडले. पुढं मंडळाच्या ग्रुपवर नानासोचा फोटो आला की ते आधी तो मोठा करून चूक शोधायचे. क्षितिज तिरकं आहे का, सावली फार काळी आहे का, कुठं फोकस सुटलाय का. चूक सापडली की जेवण गोड लागायचं, नाही सापडली की आमटीत मीठ कमी असायचं. 'मोबाइलवर काढतोय म्हणून निभतंय,' असं ते कस्तुरीबाईंना, म्हणजे बायकोला, दोनतीनदा ऐकवून बसले.

दिवाळीच्या तोंडावर नानासो घरी आला. सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणून आण्णा नुकतेच पाटावर बसले होते. कस्तुरीबाईंनी त्यालाही ताट वाढलं. दोन वर्षांचा बोनस साठला होता आणि त्याला कॅमेरा घ्यायचा होता. लेन्स निघणारा नको, असं त्याचं म्हणणं होतं. मेंढरांमागं धुरळा असतो, हाताला लोकरीचं तेल असतं, त्यात लेन्स काढायची-घालायची म्हणजे आत माती जायची. एकच लेन्स कायमची बसवलेली असावी, पण कॅमेरा पोरखेळ नसावा. आता या जातीतही बरेच प्रकार निघालेत, त्यातला कुठला?

"तुमी सांगाल त्यो घेतो, आण्णा," तो म्हणाला. "मला त्यातलं काय कळत न्हाई."

आण्णांना कळत होतं. विचार करायचीही गरज नव्हती. माळावर हिंडणारा माणूस, लांबवर पांगलेली मेंढरं, वर घिरट्या घालणारे ससाणे, कधीमधी दिसणारा लांडगा. त्याला लांबचं जवळ ओढणारा, भरपूर झुमचा कॅमेरा हवा होता. मॉडेलचं नाव आण्णांच्या ओठांवर आलं होतं. ते गिळून त्यांनी दुसऱ्याच कॅमेऱ्याचं नाव सांगितलं. या दुसऱ्याला झूम अजिबातच नव्हतं. जे डोळ्याला साधारण दिसतं तेवढंच तो दाखवणार, आणि जवळचं हवं असेल तर आपण पायांनी जवळ जायचं.

त्याचे गुण त्यांनी इतके रंगवून सांगितले की भाकरी गार झाली. सेन्सर मोठा, त्यामुळं अंधुक उजेडातही फोटो स्वच्छ. लेन्स लख्ख. बटण दाबल्याचा आवाज शेजारच्यालाही जाणार नाही. यातला एकही शब्द खोटा नव्हता. फक्त 'फोटो कशाचे काढणार?' हा प्रश्न, जो त्यांनी बारा वर्षांत एकदाही चुकवला नव्हता, तो त्यांनी विचारला नाही. कस्तुरीबाई ताक वाढता वाढता थांबल्या, नवऱ्याकडं बघितलं आणि आत गेल्या.

नानासोनं पंधरा दिवसांत तो कॅमेरा घेतला. मग तीन महिने ग्रुपवर त्याचा एकही फोटो आला नाही. आण्णा रोज बघायचे. बघायचे आणि निवांत चहा प्यायचे. मन खायचं, नाही असं नाही, पण सुखही होतं, आणि सुखच जास्त होतं.

फेब्रुवारीत कळप नांद्र्याच्या रानात उतरला. आण्णा सकाळी आपली मोठी लेन्स लावून रानात गेले आणि बांधावर उभे राहिले. एक पाऊल पुढं टाकलं की अख्खा कळप बुजून कडेला सरकायचा, म्हणून ते दरवर्षी बांधावरूनच फोटो काढत. परक्या माणसाला मेंढरं जवळ येऊ देत नाहीत. नानासो मात्र मेंढरांभोवती लावलेल्या जाळीच्या वाघरीत शिरला आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत सरळ मेंढरांच्या मधे मांडी घालून बसला. एकही हललं नाही. एक कोकरू त्याच्या मांडीवर चढलं. तो कॅमेरा छातीशी धरून शांतपणे बटण दाबत होता.

आण्णांच्या तेव्हा ध्यानात आलं की आपलं गणित कुठं चुकलं. त्यांनी मेंढरं आयुष्यभर बांधावरून बघितली होती, म्हणून सगळ्यांनाच ती लांब असतात असं धरून चालले होते. जो माणूस मेंढरांत वाढला त्याला झूम काय करायचंय? त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्या हातानं, आपल्या तोंडानं आपण त्याला हे हत्यार दिलं. कितीतरी वेळ ते तसेच त्याच्याकडं बघत राहिले; तो उठून वाघरीच्या कडेला, पार बांधापाशी आला तरी त्यांची नजर हलली नाही. आपली लेन्स डोळ्याला लावायचीही त्यांना शुद्ध राहिली नाही.

यंदाच्या प्रदर्शनात नानासोचे सात फोटो होते. सुलाबाईचे कातर धरलेले हात. मेंढीच्या डोळ्यात उभा ज्ञानू. नुकतं जन्मलेलं, अजून ओलं कोकरू. माणसं फोटोंपुढं थांबत होती आणि बोलायची बंद होत होती. पहिलं बक्षीस पुन्हा त्याचंच. सातव्या फोटोत मात्र कळपाबाहेरचा माणूस होता. वाघरीपलीकडं, हाताच्या अंतरावर, आण्णांचा चेहरा. खाली नाव दिलं होतं, 'माझे गुरू'.

लोक आण्णांना धरून धरून त्या फोटोपाशी आणत होते. काय ती नजर, काय ती एकाग्रता, असं कुणी म्हणालं. परीक्षकांनी आण्णांचा हात हातात घेतला. कस्तुरीबाई बराच वेळ त्या फोटोकडं बघत होत्या. ही नजर त्यांच्या ओळखीची होती. धाकट्या दिरानं दारात पहिला ट्रॅक्टर आणला, तेव्हा त्यांनी ती बघितली होती.

"हितं तुमी कुणाकडं बघत हुतासा?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

आण्णा तिथून बाजूला झाले. त्यांनी नानासोला हॉलच्या मागच्या व्हरांड्यात नेलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. कुठला कॅमेरा सांगायला हवा होता, कुठला सांगितला, आणि का. 'का' सांगताना त्यांची जीभ अडखळली, पण तेही सांगितलं.

नानासो कठड्याला टेकून ऐकत होता. त्याला धक्का बसल्यासारखं काही दिसलं नाही.

"पयल्याच आठवड्यात कळलं हुतं, आण्णा," तो म्हणाला. "ससाणा डोक्यावर हुता आन् फोटुत मुंगीएवढा आला. कारखान्यातली पोरं बी वरडली, ह्यो तुज्या कामाचा न्हाई म्हनून. दुकानदार तर बदलून द्याय तयार हुता."

"मग बदलून घेतला का न्हाईस?"

"बदलला आसता तर मंडळात समद्यांस्नी कळलं आसतं. आण्णांचा सल्ला चुकला म्हनाले आसते. मग आलो तीन म्हयनं दर सुट्टीला कळपात, आन् शिकलो ह्याच्यावरच."

आण्णांना शरमेनं वर बघवेना. आणि त्या शरमेच्या तळाशीही हेवा होताच, उलट दुपटीनं वाढलेला. बक्षिसाचा हेवा करता करता ते थकले होते, आता या माणसाच्या मनाचाही करावा लागणार होता. साठीला आलेल्या माणसानं एवढं मन कुठून आणायचं?

तेवढ्यात प्रियदर्शनी पाटील व्हरांड्यात आली. मंडळात नवीनच दाखल झालेली, कॉलेजात शिकवणारी मुलगी. प्रवासात न्यायला लेन्स न बदलणारा चांगला कॅमेरा घ्यायचा होता, आणि आण्णांना विचारल्याशिवाय घेऊ नको असं तिला सगळ्यांनी बजावलं होतं. तिनं पर्समधून वही काढली आणि ती पेन उघडून उभी राहिली.

आण्णांनी एकदा तिच्या वहीकडं बघितलं. पोटात कळ उठली, नेहमीची, ओळखीची.

"ह्याला विचार," ते नानासोकडं बोट करून म्हणाले. "आजपासून ह्यो सांगतोय."

मग ते आत गेले आणि कस्तुरीबाईंच्या शेजारी, त्या सातव्या फोटोपुढं, जाऊन उभे राहिले.