फुलोऱ्यावरचा कोंडा

स्टीलचं ताट उन्हात चमकलं की मला मूल तालुक्यातली ती केस आठवते आणि हसू येतं. तेव्हा मात्र मी चांगलाच वैतागलो होतो.

मी ठाणेदार होतो. धान निघालं होतं, राइस मिली जोरात सुरू होत्या. अशाच एका मिलीत मशीन चालवणारा माणूस ठाण्यात आला. त्याच्या गावच्या मासेमारी संस्थेच्या अध्यक्षाने परसात गांजा लावलाय, अशी त्याची खबर. तळ्यातल्या मासेमारीवरून दोघांचं पटत नाही, हे मला ठाऊक होतं. पण भांडण आहे म्हणून खबर खोटी ठरत नाही. पोलिसांना अर्ध्या खबरा भांडणातूनच मिळतात.

पंच आणि ठाण्याचा साधा कॅमेरा घेऊन आम्ही गेलो. परसात कुंपणाशी कमरेएवढी दोन झाडं उभी, बुडाशी माती ओली. अध्यक्ष हात जोडून म्हणाला, "मले काईच मालूम नाई, सायेब. मी तं तळ्यावरच राह्यतो."

त्याची बायको मध्येच बोलली, "पानी मी टाकलं जी. सुकून राह्यलं होतं बिचारं."

"लावलं कोणी?"

"मले काय मालूम? सकाळी उठली तं उभं होतं. पान अंबाडीवानी दिसलं. सुकत्या झाडाले पानी नाई टाकाव काय?"

मी कपाळाला हात लावला. एका वाक्यात बाईंनी नवऱ्याला तुरुंगाच्या दारात नेऊन बसवलं होतं. पाणी घातलं म्हणजे लागवड केली, असंच सरकारी वकील म्हणणार, आणि या गुन्ह्याला शिक्षा मोठी.

कायद्याने गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. नुसत्या पानांवर केस टिकत नाही. म्हणून झाडं उपटण्याआधी फुलोऱ्याचा जवळून, स्वच्छ फोटो हवा होता. मी कॅमेरा अगदी फुलोऱ्याला भिडवला. मागचं कुंपण स्पष्ट आलं, फुलोरा धूसर. फ्लॅश मारला तर नुसता पांढरा गोळा. मग कॅमेऱ्यावरची, अगदी जवळचंच स्वच्छ टिपणारी फुलाची खूण लावली, वीतभर मागे सरलो, पालथ्या टोपल्यावर कॅमेरा टेकवला आणि हात हलू नये म्हणून टायमर लावला. शिपायाने मागे काळी छत्री धरली. तरी फुलोऱ्याची माझ्याकडची बाजू अंधारीच. मी चिडचिड करत होतो, तोवर बाई घरातून स्टीलचं ताट घेऊन आल्या आणि त्यांनी उन्हाचा कवडसा बरोबर तिथे पाडला.

"बाई, तुमच्याच नवऱ्याविरुद्धचा पुरावा आहे हा," मी म्हणालो.

"असू द्या जी. खरं काय हाय ते चांगलं दिसू द्या."

त्या क्षणी ही बाई मला फार आवडली. पण ड्युटी ती ड्युटी. पंचनामा झाला, झाडं जप्त केली, नवऱ्याला ताब्यात घेतलं. जीप निघाली तेव्हा त्या ताट हातात धरूनच उभ्या होत्या.

ठाण्यात संगणकावर फोटो मोठा करून पाहिला. फुलोऱ्याचा केसन् केस दिसत होता, आणि त्यावर बारीक पिवळसर भुकटी. गांजाचा फुलोरा चिकट असतो. त्यावर उडून बसलेलं सहज सुटत नाही. मूलमध्ये नोकरी केलेल्या माणसाला ती भुकटी ओळखायला वेळ लागत नाही. तो भाताचा कोंडा होता. अध्यक्षाच्या गावात मिल नव्हती. जप्त झाडांच्या मुळांचा गड्डा पंचांसमोर फोडला, तर आत मिलीमागे टाकतात तशी तुसाची काळी राख.

खबऱ्याला बोलावलं. एरवी माझा आवाज ठाण्याबाहेर ऐकू जायचा. त्या दिवशी मी त्याला चहा दिला आणि फोटो दाखवला.

"काऊन भाऊ, अध्यक्षाच्या परसात कोंडा कुठून आला?"

त्याने पडद्याकडे पाहिलं. मग नकळत स्वतःची बाही झटकली. तिच्यावर तसलाच कोंडा होता.

"मिलीच्या मांगं आपोआप उगवलं होतं, सायेब," तो हळूच म्हणाला. "तो आत गेला असता तं तळं आमच्या हाती आलं असतं."

धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, रोवावीत तशी त्याने ती झाडं रातोरात मातीसकट काढून तिकडे नेऊन रोवली होती. माती झटकली असती तर एवढी झाडं जगली नसती. पण त्या मातीतली राख त्याचं नाव सांगेल, हे त्याच्या मनातही आलं नाही. गुन्हा त्याच्यावर दाखल झाला, आणि न्यायालयात अहवाल गेल्यावर अध्यक्ष सुटला.

बाई त्याला न्यायला आल्या आणि मला म्हणाल्या, "आता आमचा दोघायचा एक फोटो काढा ना जी."

मी हौसेने काढला. घाईत फुलाची खूण तशीच राहिली. मागाहून प्रिंट पाहिली, तर दोघंही धूसर. मी ओशाळून ती त्यांच्या हातात दिली आणि दुसरा काढतो म्हणालो.

नोकरीत मी माणसांकडे बहुतेक वेळा फुलाची खूण लावूनच पाहिलं; डाग, धागा, कोंडा शोधत. कामाला ते लागतंच. पण सुकत्या झाडाला पाणी घालणारी बाई तशी पाहून कळत नाही, हे मला त्या केसने शिकवलं.

बाईंनी प्रिंट नीट न्याहाळली, पदराने पुसली आणि मला परत दिलीच नाही.

"राहू द्या, सायेब," त्या म्हणाल्या. "आमी दोघं संगं हाओ, तेवढं दिसते."