डुक्कर पाडलेलं धनुष्य

सत्त्याण्णव साली सांगलीचे हळदीचे जैन व्यापारी धरणेंद्र मगदूम लेकीला तिचं पहिलं कंपाउंड धनुष्य घ्यायला साताऱ्याला गेले. तिरंदाजी शिकणारी चौदा वर्षांची त्रिशला भराभर उंच होत होती आणि बांबूचं धनुष्य आता तिला पुरत नव्हतं.

दुकानदारानं टोकांना चाकं असलेलं एक वापरलेलं परदेशी धनुष्य दाखवलं. "पोरगी वाढंल तशी ह्याची दोरी ओढायची लांबी वाढवता येती, ताणबी कमी-जास्त हुतो," तो म्हणाला. धरणेंद्रांना ते पटलं. त्रिशलानं दोरी ओढून पाहिली. तिलाही जमलं.

मग दुकानदारानं कौतुकानं सोबतचा बाण काढला. त्याच्या पात्याला वाळलेलं रक्त आणि राठ केस चिकटले होते.

"गेल्या म्हैन्यात डुक्कर पाडलं ह्यानं. लय तडफडलं बगा!" तो हसला.

त्रिशलानं हातातल्या धनुष्याच्या मुठीकडे पाहिलं, तर तिथंही तपकिरी डाग होता. तिनं धनुष्य टाकल्यासारखं खाली ठेवलं.

"आवं, धुऊन घ्या की!"

"तुमचं तुमच्यापाशीच ठेवा," धरणेंद्र म्हणाले आणि बाहेर पडले.

स्टँडवरच्या नळावर त्रिशला कितीतरी वेळ हात घासत राहिली. "अण्णा, वास जातच नाही," ती म्हणाली.

परतीच्या एसटीत दोघांनीही जेवणाचा डबा उघडला नाही.