युसूफमामांची शेवटची सुपारी

भांडगावच्या लग्नाला आम्ही जीपमधून उतरलो, तेव्हा युसूफमामांनी मांडवातल्या माणसाला पहिलं विचारलं ते लग्न किती वाजता आहे हे. तो म्हणाला, भर दुपारचं, नवरदेव तुमचीच वाट बघतोय. मामांनी आमच्या मालकाकडे, विलासकडे पाहिलं. विलास खाली मान घालून ढोलाचे पट्टे आवळत राहिला... दीड महिना उलटून गेला, तरी ती खाली घातलेली मान माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

मामा तळेगावच्या आमच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांच्या मागे मी, साइड ड्रमवर. बँडाचा लाल कोट जाडजूड, गळ्यापर्यंत बटणांचा. वैशाखात तो घालून डांबरी रस्त्यावर चालायचं, म्हणून मामांनी आम्हाला शिस्त लावली होती. तहान लागायच्या आधी पाणी प्यायचं, टोपीखाली ओला रुमाल ठेवायचा, झाड दिसलं की एक अख्खं गाणं त्याच्या सावलीतच वाजवायचं. आणि कुणाची जीभ जडावली, पाय वाकडा पडू लागला, की त्याला आधी बाजूला घ्यायचं, लग्न गेलं तेल लावत.

विलासला हे नव्यानं सांगायची गरज नव्हती. तो मामांचाच शागीर्द. ऐन विशीत पाबळच्या एका मिरवणुकीत तो उन्हानं कोसळला, तेव्हा मामांनी मिरवणूक थांबवून चिंचेखाली त्याचा कोट काढला, अंगावर घागर रिती केली आणि तो डोळे उघडेपर्यंत वारा घालत बसले. वराकडच्यांच्या शिव्या त्यांनी मुकाट खाल्ल्या.

पुढं बँड विलासनं चालवायला घेतला. यंदा मामांनी आधीच बजावलं होतं, आता वय झालं, दुपारी वाजवणार नाही. त्यावर, मामांनीच मला जीपमध्ये सांगितलं, विलास त्यांच्या घरी आला, मामींच्या हातचा चहा प्याला आणि त्या आत गेल्यावर म्हणाला, "मामा, भांडगावचं लगीन दिस मावळताना हाय. तुम्ही यायचंच."

खरं तर लग्न दुपारचंच होतं, संध्याकाळसाठी त्यानं दौंडची दुसरी सुपारी घेतली होती. मांडवात हे कळल्यावर मामा परत फिरले असते, पण नवरीच्या बापाचा यात काय दोष, म्हणून थांबले. निदान कोट तरी काढू दे, असं त्यांनी विलासला विनवलं. यजमानांनी ड्रेसवाला बँड सांगितलाय, एवढंच तो बोलला.

मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत कुठंच सावली नव्हती. मामांचा सूर मधेच घसरला आणि ते खाली बसले. ड्रम टाकून मी धावलो. अंग कोरडं आणि तव्यासारखं तापलेलं. कोट काढून आम्ही पाणी ओतत राहिलो... विलासनं दुसऱ्याला पुढं उभं करून गाणं चालू ठेवलं. दवाखाना गाठायच्या आत मामा गेले.

दफनाला आलेल्यांना विलास सांगत होता, मी नको म्हणत होतो, मामाच हट्टानं आले. मामींनीही ते खरं मानलं. मला राहवेना. चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर मी त्यांना सगळं सांगितलं.

परवा दुपारी मी मामींच्या घरी बसलो असताना विलास आला. मामींनी त्याला बस म्हटलं नाही.

"विलास, लगीन दुपारचं हाय, हे तुला कवा कळलं?"



"सुपारी घेतली तवाच."

मामींनी मान हलवली. तो गेला.

उन्हाळ्यात मामा दाराला गोणपाट टांगून तासातासानं त्यावर पाणी मारायचे, आत गारवा राहायचा. मामी उठल्या, बादली भरून आणली आणि वाळत आलेलं गोणपाट भिजवू लागल्या... मी येऊ का मदतीला म्हटलं, तर म्हणाल्या, "नगं. हे त्यांचं काम हाय, मीच करते."