पुराव्यासाठी ठेवलेलं पेन

माझी मोठी बहीण प्रतापनगरात एकटीच राहते. तिच्या उजव्या डोळ्याची नजर गेली ती एका सकाळी, माझ्यासमोर चहा गाळताना. अर्धा चहा कपात, अर्धा ओट्यावर. "या डोळ्यानं मले काहीच दिसून नाही राहिलं वं," ती म्हणाली, दूध नासलं सांगावं तितक्या शांतपणे.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा तुटला, गेलेली नजर परत येणं कठीण. मग विचारलं, शुगरसाठी काय घेता? ताई वर्षभर ते पेनाचं इंजेक्शन घेत होती, दर रविवारी पोटात टोचायचं; त्यानं भूक मरायची, वजनही बरंच उतरलं होतं. हे औषध घेणाऱ्या अगदी थोड्या लोकांना असं झालंय, परदेशात त्यावरून खटले सुरू आहेत, ते म्हणाले. तुमचं तेच कारण असेल हे छातीठोक सांगता येत नाही, पण दुसऱ्या डोळ्याची जोखीम नको. आजपासून बंद करा, शुगरच्या डॉक्टरांकडून गोळ्या लिहून घ्या.

मी सुन्न झाले. सुन्नपणा ओसरला तसं डोकं सणकलं, माझा स्वभावच तो. औषधाच्या डब्यातला कागद उलगडला, तर घडीवर घडी आणि मुंगीएवढ्या अक्षरांत नजरेबद्दलची ओळ. धडधाकट डोळ्यांनाही भिंग लागावं! कंपनीला कोर्टात खेचायचंच, मी ठरवलं.

"हे उरलेलं फेकू का?" ताईनं पेन दाखवत विचारलं.

"खबरदार. पुरावा आहे तो." मीच ते फ्रिजच्या दारात ठेवलं.

महिन्याभरानं वकीलबाई भेटल्या. सोपं नाही, म्हणाल्या. कंपनी म्हणेल, कागदात लिहिलं होतं, शिवाय शुगरनंही डोळे जातात. "डॉक्टरांनी सांगितल्यावर इंजेक्शन थांबवलं ना?"

"म्हणजे काय!" मीच ठणकावलं. ताई पदराशी चाळा करत होती.

"मग पेन, डबा, कागद आणून द्या."

ताईच्या घरी येऊन मी फ्रिज उघडला. पेन जागेवरच होतं. उजेडात धरलं. निम्म्याहून जास्त औषध असायला हवं होतं, तर आत थेंब नव्हता.

"ताई, हे रिकामं काहून आहे?"

ती जमिनीवर मांडी घालून मेथी निवडत होती. वर्षापूर्वी तिला खाली बसणं जमत नव्हतं. लग्नाच्या पंगतीत ती खुर्ची शोधायची आणि बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

"एक रविवार नाही घेतलं," ती म्हणाली, "तर भूक पुन्हा तशीच खवळली वं. मले पुन्हा तसं नाही व्हायचं."

"आणि दुसरा डोळा गेला तर?"

"त्यानं दिसून राहिलं ना चांगलं."

तिनं मेथीची पुढची काडी उचलली आणि निरखायला डाव्या डोळ्याच्या इतकी जवळ नेली, की पानं पापणीला लागली.